राग काढायचा कुठे?

मराठीत राग येतो, धरता येतो, गिळता येतो आणि काढता येतो. इंदूरच्या मराठी घरांत या शब्दाची आणखी एक गंमत आहे. घरी 'मला राग आला' म्हणणारं पोर शाळेत गेलं की 'गुस्सा आया' म्हणतं, कारण तिथे 'राग' म्हटलं की शेजारच्या बाकावरच्याला यमन-भैरव आठवणार. उस्ताद अमीर खाँ यांच्या गावात तर आठवणारच. संस्कृतात हा शब्द रंगाचा आणि आसक्तीचा. मराठीत तो संतापाचा कसा झाला हे भाषेच्या जाणकारांनी सांगावं. इथे काम आहे ते क्रियापदांशी. येणं, धरणं आणि गिळणं ही तीन क्रियापदं प्रयोगशाळेत नेऊन तपासली तरी बऱ्यापैकी टिकतात. चौथं टिकत नाही. आणि आपला सगळ्यांत जास्त भरवसा नेमका त्या चौथ्यावर असतो: 'काढ बाबा एकदाचा राग, म्हणजे मोकळा होशील.'

आधी एक गुंता सोडवून घेऊ. राग ही भावना आहे आणि आक्रमकता ही कृती. मानसशास्त्रात आक्रमकता ठरते ती हेतूवरून: समोरच्याला नको असताना त्याला इजा व्हावी म्हणून केलेली कोणतीही गोष्ट. दाताचा डॉक्टर कळ काढतो, पण ती आक्रमकता नव्हे. नेम चुकलेला दगड कुणालाही लागत नाही, तरी तो फेकणं ही आक्रमकताच. हात उगारायलाही हवाच असं नाही. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण ज्या घरांत जन्मली तिथे भांडी न आपटताही घायाळ करता येत होतं. अबोला हे तर खास घरगुती शस्त्र. त्याच्याकडे शेवटी वळू.

दुसरा भेद गरम आणि थंड आक्रमकतेचा. गरम म्हणजे भडका: कुणी डिवचलं, डोकं फिरलं, हात सुटला. थंड म्हणजे हिशोबी: वसुलीसाठी दिलेली धमकी, सुपारी घेऊन केलेली मारहाण, शाळेच्या मैदानात दुबळं पोर हेरून रोज घेतलेला त्याचा डबा. थंड आक्रमकतेत राग असेलच असं नाही, फायदा मात्र असतो. या लेखाचा विषय गरम आक्रमकता आहे. तरी पुढे एका ठिकाणी थंड आक्रमकता गरमचा मुखवटा घालून येते, ती ओळखायला हवी.

आता मे महिन्यातली संध्याकाळ घ्या. पारा ४१-४२ ला जाऊन नुकता उतरू लागलाय. मालव्याची रात्र पुढे गार होईल, पण अजून अवकाश आहे. पलासिया चौराह्यावर सिग्नल हिरवा झाला आणि पुढची गाडी हलत नाही. मागचा दुचाकीवाला गृहस्थ किती सेकंदांत हॉर्न वाजवेल?

हे खरोखर मोजलेलं आहे. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात अँथनी डूब आणि अ‍ॅलन ग्रॉस यांनी हिरव्या सिग्नलला मुद्दाम गाडी थांबवून ठेवली. कधी चकचकीत महागडी, कधी जुनी खटारा. खटाऱ्यामागच्या ८४ टक्के चालकांनी १२ सेकंदांच्या आत हॉर्न वाजवला. महागड्या गाडीमागे हेच प्रमाण ५० टक्के होतं. दोघा चालकांनी तर हॉर्नची तसदीही न घेता खटाऱ्याला मागून धडक दिली. गाड्या बदलल्या तरी अडवणूक तीच, सेकंद तेच. बदललं ते एवढंच, की समोरचा उलट काही करू शकेल का याचा अंदाज. वेगळ्या तरुणांना नुसतं कागदावर विचारलं, तेव्हा मुलगे म्हणाले की महागड्या गाडीवर आम्ही लवकर हॉर्न वाजवू. माणूस स्वतःच्या रागाबद्दल जे सांगतो आणि जे करतो त्यात इतकं अंतर असतं. रागाविषयी कुणाचीही मुलाखत वाचताना हे ध्यानात ठेवावं.

उन्हाचा हिशोब अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात झाला. तो १९८६ मध्ये डग्लस केनरिक आणि स्टीव्हन मॅकफार्लेन यांनी मांडला. तिथेही हिरवा सिग्नल, थांबलेली गाडी. तापमान चढत गेलं तसे हॉर्नही वाढत गेले, आणि सगळ्यात जास्त वाजले ते काचा खाली केलेल्या, म्हणजे एसी नसलेल्या गाड्यांतून. एसीत बसलेल्यांना ऊन लागत नव्हतं, तर त्यांचा संयमही फारसा ढळला नाही. इंदुरात यावरून काय समजायचं, ते दुचाकीवर बसलेल्याला सांगायला नको.

आता 'राग येतो' या क्रियापदाकडे. १९३९ साली येल विद्यापीठातल्या डोलार्ड आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी ठामपणे मांडलं की आक्रमकतेच्या मुळाशी नेहमी अडवणूक असते: माणूस काहीतरी मिळवायला निघाला आणि मधेच अडवला गेला. मांडणी सुटसुटीत होती, पण 'नेहमी' हा शब्द पुढे टिकला नाही. अडवणूक किती झोंबते हे दोन गोष्टींवर ठरतं. पहिली, मुक्काम किती जवळ आला होता. रांगेत मागे उभ्या असलेल्याच्या पुढे कुणी घुसलं तर तो कुरकुरतो. खिडकी हाताच्या अंतरावर असताना कुणी घुसलं तर तो भांडतो. मेरी हॅरिस यांनी १९७४ मध्ये माणसं मुद्दाम रांगांत घुसवून हे दाखवलं. दुसरी गोष्ट, समोरच्यानं मुद्दाम केलं का. १९६२ च्या एका प्रयोगात गटचर्चेत एक जण सारखा अडथळा आणत होता. काही गटांना दिसत होतं की त्याचं श्रवणयंत्र बिघडलंय; काहींना कारणच दिसत नव्हतं. अडथळा तोच, पण यंत्र दिसलेल्या गटांत त्याच्याबद्दल फारच कमी कडवटपणा निघाला.

तापट माणसाची अडचण या दुसऱ्या मुद्द्यात असते. त्याला श्रवणयंत्र दिसत नाही. केनेथ डॉज यांनी १९८० पासून शाळकरी मुलांवर केलेल्या कामात हे सापडलं की मारकुट्या मुलांना मोघम प्रसंगातही डाव दिसतो: धक्का लागला म्हणजे त्यानं मारलाच. आपल्याकडे याला 'संशयी स्वभाव' म्हणतात. शब्द बरोबर आहे, मात्र 'स्वभाव' म्हटलं की विषय संपल्यासारखा वाटतो. हा अर्थ लावण्याचा सराव आहे, आणि तो लहानपणी मोडता येतो.

पुढे १९८० च्या दशकात लिओनार्ड बर्कोविट्झ यांनी येलची मांडणी रुंद केली. त्यांचं म्हणणं, अडवणूकच हवी असं नाही. कुठलाही त्रास पुरतो. त्यांच्या एका प्रयोगात ज्यांचे हात बर्फगार पाण्यात बुडवून ठेवले होते त्यांनी, कोमट पाण्यात हात असलेल्यांपेक्षा, निष्पाप जोडीदाराला जास्त शिक्षा दिली. ऊन, भूक, दाढदुखी, बँडबाजा, उग्र वास यांचा कोणाशीही वैयक्तिक संबंध नसतो. शरीर मात्र हिशोबात सगळं एकत्र टाकतं. झोपेचंही तसंच. २०१९ साली आयोवात झ्लाटन क्रिझान आणि गॅरेट हिस्लर यांनी एका गटाला दोन रात्री नेहमीसारखं सातेक तास झोपू दिलं आणि दुसऱ्याला साडेचारच्या आसपास. नंतर दोघांना कर्कश आवाज ऐकवला. कमी झोपलेले जास्त चिडले, आणि सवयीनं राग उतरायला हवा होता तिथे तो चढत गेला.

शरीराच्या आत काय होतं ते थोडक्यात. मेंदूत खोलवर अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याची दखल घेतो. त्याच्या जवळच्या हायपोथॅलॅमसकडून निरोप गेला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन सोडतात: नाडी चढते, हात गरम होतात, जबडा आवळतो. झुरिचच्या वॉल्टर हेस यांनी मांजराच्या हायपोथॅलॅमसला विजेचा हलका झटका दिला, तेव्हा शांत बसलेलं मांजर फिस्कारून पंजे काढू लागलं. त्यांना १९४९ चं नोबेल मिळालं. लगाम आहे तो कपाळामागच्या भागात, आणि तो भाग दारूनं, झोपेच्या अभावानं आणि घाईनं आधी ढिला पडतो. अ‍ॅड्रेनालिन रक्तातून काही मिनिटांत उतरतं. कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक मात्र प्रसंगानंतर वीस ते तीस मिनिटांनी शिखर गाठतं. म्हणजे भांडण सिग्नलवर झालं तरी शरीराचा एक भाग त्याच्या तयारीत अर्ध्या तासानं येतो, आणि तोवर माणूस घरी पोचलेला असतो.

आपल्या गृहस्थांना आता घरी पोचवू. पलासियाहून रीगल, तिथून महू नाका, अन्नपूर्णा रस्ता, सुदामानगर. वाटेत दोन ऑटोंनी कट मारला. इमारतीची लिफ्ट बंद. तीन मजले चढून दार उघडलं, हेल्मेट अजून हातात, आणि आतून आवाज आला: 'अहो, सिलिंडरचा नंबर लावलात का?'

पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

वड्याचं तेल वांग्यावर. या म्हणीत एक अख्खं संशोधन मावतं, फक्त एक बारकावा सुटतो. राग सहसा येईल त्याच्यावर निघत नाही. दुसऱ्यावर निघण्यासाठी त्याला तिथे एक छोटी ठिणगी लागते. २००० च्या सुमारास विल्यम पेडरसन, नॉर्मन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सुटं करून दाखवलं. नुसती छोटी कुरबुर झाली तर माणूस दुर्लक्ष करतो. आधी कुणीतरी अपमान केला असेल आणि मग तीच कुरबुर झाली, तर उत्तर दोन्हींच्या बेरजेपेक्षा मोठं येतं. सिलिंडरचा प्रश्न सकाळी विचारला असता तर 'अरे हो, राहिलं' एवढ्यावर मिटला असता. म्हणून घरातल्या भांडणांचे विषय इतके क्षुल्लक असतात. चपला, टॉवेल, रिमोट. भांडण संपल्यावर दोघांनाही लाज वाटते, कारण विषय तो नव्हताच.

तीन मजल्यांचाही यात वाटा आहे, आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. डॉल्फ झिलमन यांनी १९७० च्या दशकात लोकांना स्थिर सायकल चालवायला लावून हे तपासलं. व्यायाम संपल्या संपल्या धाप लागलेली असते, तेव्हा माणसाला ठाऊक असतं की ही धडधड पायडलची. पूर्ण शांत झाल्यावर प्रश्नच नसतो. धोक्याची वेळ मधली काही मिनिटं: माणसाला वाटतं मी शांत झालो, पण नाडी अजून उतरलेली नसते. त्या वेळी कुणी डिवचलं तर ती उरलेली धडधड रागाच्या खात्यात जमा होते. म्हणून जिना चढून आल्यावर, धावत बस पकडल्यावर, जिममधून निघाल्यावर लगेच नाजूक विषय काढू नये. पाणी पिऊन दहा मिनिटं बसलेल्या माणसाशी तोच विषय निम्म्या आवाजात होतो.

आणि तेल वांग्यावरच का? साहेबांवर का नाही? कॅलिफोर्नियातल्या महागड्या गाडीचं जे उत्तर तेच इथे. साहेब पगार रोखू शकतात. बायको, आई, मूल, दाराशी आलेला डिलिव्हरीवाला पोरगा. यांच्याकडून परतफेडीची भीती कमी.

इथेच तो मुखवटा ओळखायचा असतो. 'राग आला की मला भानच राहत नाही' असं म्हणणाऱ्या माणसाकडे काही गोष्टी शांतपणे पाहाव्यात. भान गेल्यावर तो कुणाचा फोन फोडतो, स्वतःचा की तिचा? दारावरची बेल वाजली तर थांबतो का? मारताना दिसेल अशा जागी मारतो की कपड्यांखाली? कचेरीत याच रागाचं काय होतं? भान खरंच गेलेलं असतं तर साहेबही सुटले नसते. ज्या घरात मार ठरावीक माणसालाच, ठरावीक जागीच बसतो, तिथला प्रश्न रागाचा नसून ताब्याचा आहे. तिथे दीर्घ श्वासाचे धडे देणं म्हणजे मार खाणाऱ्याचा वेळ घालवणं. महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक अशाच घरांसाठी आहे आणि तात्काळ मदतीसाठी ११२.

आता 'धरणं'. राग धरण्याची रीत साधी: तोच प्रसंग पुन्हा पुन्हा चालवायचा. 'मी असं म्हणायला हवं होतं.' दर फेरीला संवाद सुधारतो, आपला मुद्दा धारदार होतो, समोरचा आणखी दुष्ट होतो, आणि शरीर प्रत्येक वेळी नव्यानं सज्ज होतं. २००५ मध्ये ब्रॅड बुशमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अपमान उगाळत बसलेली माणसं नंतर भेटलेल्या तिसऱ्याच माणसाच्या किरकोळ चुकीवर जास्त कडक वागतात. मैत्रिणीला फोन करून सगळं सांगणं हेही पुष्कळदा उगाळणंच असतं. फरक ओळखायची एक खूण आहे. बोलून झाल्यावर प्रसंगाचा अर्थ थोडा बदललेला वाटला, तर तो विचार होता. तोच राहिला आणि फक्त विशेषणं वाढली, तर तो उगाळा.

'गिळणं' महाग पडतं, हेही खरं. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९३ मध्ये लोकांना किळसवाणी चित्रफीत दाखवली आणि काहींना सांगितलं की चेहऱ्यावर काहीच दिसू देऊ नका. चेहरे शांत राहिले. घाम आणि रक्तवाहिन्यांचं आकुंचन मात्र वाढलं. तेव्हा चेहरा दाबला म्हणून आतलं दबत नाही.

आणि इथेच आपली उडी चुकते. गिळलं तर त्रास होतो, म्हणजे काढलं तर आराम पडणार, असं आपण धरून चालतो. मनात एक कुकर असतो: वाफ कोंडली की शिट्टी झालीच पाहिजे, नाहीतर झाकण उडेल. चित्र जुनं आहे. अ‍ॅरिस्टॉटलनं म्हटलं होतं की शोकांतिका पाहून भावनांचा निचरा होतो. तेच १८९० च्या दशकात व्हिएन्नात ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी उपचारात आणलं, आणि १९६३ मध्ये कोनराड लोरेन्झ यांनी आक्रमकता टाकीतल्या पाण्यासारखी साठत जाते असं मांडून त्याला प्राणिशास्त्राचा टिळा लावला. हिंदीतलं 'भड़ास निकालना' याच कुटुंबातलं. पैसे मोजून बाटल्या आणि जुने टीव्ही फोडायच्या खोल्या जगभर निघाल्या, इंदुरातही निघाली. ग्राहक घामेजून, हसत बाहेर येतो आणि म्हणतो, बरं वाटलं.

बरं वाटतं हे खरंच आहे. पण बरं वाटणं आणि राग उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात दिसलं. सहाशे विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतला आणि 'इतका वाईट निबंध मी वाचला नाही' अशा थाटाचा शेरा मारून परत दिला. मग तीन गट केले. पहिल्यानं शेरा मारणाऱ्याचा म्हणून दाखवलेला फोटो मनात ठेवून पिशवीवर ठोसे मारले. दुसऱ्यानं तंदुरुस्तीचा विचार करत ठोसे मारले. तिसरा दोन मिनिटं नुसता बसून राहिला. शेवटी सगळ्यांना त्या माणसाच्या कानात कर्कश आवाज सोडायची संधी दिली: किती मोठा, किती वेळ, ते त्यांनी ठरवायचं. सर्वांत संतापलेला आणि सर्वांत क्रूर निघाला पहिला गट, ज्यानं शास्त्रोक्त पद्धतीनं राग काढला होता तो. सर्वांत सौम्य निघाला नुसता बसलेला.

२०२४ मध्ये सोफी क्यार्विक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यास आणि १०,१८९ माणसांची माहिती एकत्र तपासली. श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं, योगासनं अशा, शरीराची उत्तेजना उतरवणाऱ्या गोष्टींनी राग कमी झाला. उत्तेजना चढवणाऱ्या गोष्टींचा एकंदर उपयोग दिसला नाही, आणि धावण्यानं तर राग वाढलेला आढळला. धावणं हृदयासाठी उत्तमच, पण भांडून तडक धावायला जाण्यात झिलमनची ती मधली मिनिटं आणखी लांबतात.

मग इतक्या पिढ्यांचा अनुभव खोटा कसा? खोटा नाही, त्याचा हिशोब चुकलेला आहे. माणूस ओरडतो, आणि दहा-पंधरा मिनिटांनी शांत होतो. न ओरडता बसला असता तरी अ‍ॅड्रेनालिन तेवढ्याच वेळात उतरलं असतं. पण श्रेय ओरडण्याला मिळतं. शिवाय ओरडल्यावर घर चिडीचूप होतं, म्हणजे बक्षीसही लगेच हातात पडतं. ज्या कृतीला लगेच बक्षीस मिळतं ती पुढच्या वेळी लवकर होते. राग काढण्यानं राग संपण्याऐवजी काढण्याचा हात सरावतो.

कुकरच्या बाजूनं एक साक्षीदार नेहमी उभा केला जातो, आणि तो इंदूर जिल्ह्यातलाच आहे. गौतमपुऱ्याचं हिंगोट युद्ध. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे ओवाळणी चालते त्याच संध्याकाळी, तिथे गौतमपुऱ्याचा 'तुर्रा' आणि रूणजीचा 'कलंगी' हे दोन पक्ष मैदानात समोरासमोर येतात. नावं ऐकून मराठी कान टवकारतात, कारण शाहिरीतला कलगी-तुरा आपला. शक्तीची बाजू कलगी, शिवाची तुरा. आपल्याकडे सवाल-जवाब झडतात, तिथे आग झडते. हिंगोट हे काटेरी झाडाचं कडक सालीचं फळ. ते कोरून पोकळ करतात, वाळवतात, आत फटाक्याची दारू भरून मातीनं तोंड बंद करतात आणि दिशा धरावी म्हणून बांबूची कामटी बांधतात. पेटवून सोडलं की ते बाणासारखं सुटतं. समोरचा ढाल घेऊन उभा. दर वर्षी माणसं भाजतात.

म्हणतात, वर्षाचं साचलेलं एका संध्याकाळी निघून जातं. निघून जातं का, हे गौतमपुऱ्यात कुणी मोजलेलं ठाऊक नाही. इतरत्र मात्र मोजलंय. १९६९ च्या अमेरिकी सैन्य-नौदल फुटबॉल सामन्याला आलेल्या प्रेक्षकांना जेफ्री गोल्डस्टीन आणि रॉबर्ट आर्म्स यांनी सामन्याआधी आणि नंतर प्रश्न विचारले. शत्रुत्व नंतर वाढलेलं निघालं, हरलेल्यांचंही आणि जिंकलेल्यांचंही. जिम्नॅस्टिक्स पाहिलेल्यांचं वाढलं नाही. रिचर्ड साइप्स यांनी १९७३ मध्ये वीस समाज ताडून पाहिले, दहा लढाऊ आणि दहा शांत. टाकीचं चित्र खरं असतं तर शांत समाजांत मारामारीचे खेळ जास्त हवेत. निघालं उलटं: लढाऊ दहांपैकी नऊ समाजांत ते होते, शांत दहांपैकी फक्त दोनमध्ये.

तरीही हिंगोट वर्षातून एकदाच होतं आणि दुसऱ्या दिवशी ते लोक एकमेकांच्या दुकानात जातात. याचं श्रेय उडालेल्या दारूला देण्यापेक्षा भोवतीच्या चौकटीला द्यावं असं वाटतं. दिवस ठरलेला, मैदान ठरलेलं, कोण कोणाच्या बाजूला हे जन्मानं ठरलेलं, हातात ढाल, आणि ज्याचं हिंगोट लागलं त्यानं ते मुद्दाम मलाच मारलं असा अर्थ कुणी लावत नाही. म्हणजे पुन्हा ते श्रवणयंत्रच. जखम तीच, अर्थ वेगळा. तोच भाजलेला दंड एरवीच्या मंगळवारी बाजारात मिळाला असता तर दोन पिढ्यांचं वैर झालं असतं.

जनुकं आणि टेस्टोस्टेरॉन यांना या लेखात कमी जागा आहे, कारण त्यांच्याबद्दल नको इतकं बोललं जातं. 'एमएओए' या जनुकाचा एक प्रकार 'योद्ध्याचं जनुक' म्हणून वर्तमानपत्रांत गाजला. पण २००२ मधल्या न्यूझीलंडच्या अभ्यासात त्याचा परिणाम मुख्यतः अशाच मुलांत दिसला ज्यांचे लहानपणी हाल झाले होते. लहानपणाविषयी मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी कॅनडात मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा दिसलं की मारणं, चावणं, ढकलणं सगळ्यांत जास्त असतं ते दोन ते चार वर्षांच्या वयात. मारणं शिकवावं लागत नाही. थांबणं शिकवावं लागतं. आणि शिकवणाऱ्याकडे मूल पाहत असतं: १९६१ मध्ये अल्बर्ट बँड्युरा यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या ७२ मुलांपैकी काहींसमोर मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुलीवर हातोडी मारायला लावली, आणि त्या मुलांनी संधी मिळताच तेच शब्द, तीच हातोडी उचलली. 'भावाला मारायचं नाही' असं म्हणत दिलेल्या चापटीतून मूल चापट उचलतं, वाक्य हवेत जातं.

मग राग आल्यावर करायचं काय? उत्तर कंटाळवाणं आहे: थांबायचं आणि उतरू द्यायचं. जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत भांडू दिलं, मधेच यंत्र बिघडल्याची सबब सांगून मासिकं वाचायला बसवलं, आणि नाड्या उतरल्यावर पुन्हा बोलायला लावलं. तीच माणसं, तोच विषय, बोलणं मात्र वेगळं. मध्यांतर वीस मिनिटांचं तरी असावं. वेळ का लागतो ते वर कॉर्टिसॉलमध्ये आलंच आहे.

आधी नाडी. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं, तीस सेकंद मोजायचं आणि दुप्पट करायची. शांतपणीचा स्वतःचा आकडा माहीत हवा, नाहीतर तुलना कशाशी? शंभरच्या वर असेल तर युक्तिवाद करू नये. त्या वेळी आपल्याला आपलं म्हणणं फारच पटत असतं, हीच पंचाईत.

मग श्वास. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, मिनिटाला सहा. नाकानं. बहुतेक लोक इथे चुकतात ते 'दीर्घ' या शब्दामुळे: छाती फुगवून जोरात हवा ओढतात, चार-पाच श्वासांत गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, आणि 'याचा काही उपयोग नाही' म्हणून सोडून देतात. खोल नको, सावकाश हवा. पोट हलावं, खांदे हलू नयेत. उपयोग बाहेर सोडण्यात आहे, म्हणून तो भाग लांब. दोन मिनिटांत काही जाणवत नाही, पाचव्या-सहाव्याला जबडा सैल होतो.

त्या वीस मिनिटांत मनात खटला चालवला तर वीस मिनिटं फुकट. शरीराला वाटतं भांडण चालूच आहे. हाताला बारीक काम द्यावं: लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या, शब्दकोडं. फोन नको, कारण फोनवर तर त्याच भांडणाची पुढची फेरी टाइप होते.

सगळ्यात जास्त बिघडतं ते उठून जाण्यात. एक शब्दही न बोलता उठलेला माणूस समोरच्याला शांत होताना दिसत नाही, अबोला धरताना दिसतो. आणि वगळलं जाणं फार झोंबतं. किपलिंग विल्यम्स यांनी संगणकावरच्या साध्या चेंडूफेकीच्या खेळात लोकांकडे चेंडू टाकणं बंद केलं, तेवढ्यानं त्यांना वाईट वाटलं, समोरची माणसं अनोळखी असूनही. इथे तर स्वयंपाकघरात उभी असलेली स्वतःची बायको आहे. म्हणून जाताना वेळ सांगून जायचं. 'डोकं तापलंय. सातला बोलू.' एवढंच. 'तुझ्यामुळे' हा शब्द त्यात आला की मध्यांतर संपलंच. आणि सातला आपणहून परत यायचं, बोलावणं येईपर्यंत वाट पाहायची नाही. विषय विसरल्यासारखंही करायचं नाही, नाहीतर पुढच्या खेपेला 'सातला बोलू'वर कुणी विश्वास ठेवणार नाही. सिलिंडरचा नंबर तेवढ्या वेळात लावून टाकता येतो. त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.